ॲनिमेशन बॅकग्राउंडची लिमिटेड एडिशन प्रिंट घेताना आधी विचारा ती कशावरून काढलीय, नंबर नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे, की जुन्या हाताने रंगवलेल्या ॲनिमेशन सिनेमातल्या एका बॅकग्राउंडची, म्हणजे पात्रांच्या मागच्या चित्राची, प्रिंट विकायला आलीय, जिक्ले (एक प्रकारची इंकजेट प्रिंट) असं लिहिलंय, ५०० ची एडिशन, म्हणजे एकूण ५०० च प्रती, सोबत सर्टिफिकेट, किंमत साध्या पोस्टरच्या कितीतरी पट. घ्यावी का, अस्सल आहे हे कसं कळणार, आणि पुढे भाव वाढेल का. मी हेच काम करतो, म्हणजे मूळ चित्र कॅमेऱ्याखाली ठेवण्यापासून शेवटचा कागद पॅक होईपर्यंतचं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

चित्र मनापासून आवडलं असेल आणि प्रिंट मूळ पेंटिंगवरून काढलेली असेल तर बिनधास्त घ्या. सिनेमाच्या फ्रेमवरून काढलेली असेल तर एवढे पैसे घालू नका, सरळ पोस्टर घ्या, पोस्टरमध्ये काही कमीपणा नाही. आणि भाव वाढेल म्हणून तर अजिबात घेऊ नका. आता का ते सांगतो.

विकणारे लोक एडिशनचा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात आणि प्रिंट कशावरून काढली हे बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. खरं तर सगळा खेळ तिथेच असतो. मूळ पेंटिंग स्टुडिओच्या आर्काइव्हमध्ये शाबूत असेल तर ते काढून, नीट स्कॅन करून प्रिंट करता येते. पेंटिंग हरवलं असेल किंवा कुणाच्या खासगी संग्रहात गेलं असेल तर मग सिनेमाची फ्रेम घेतात, त्यातली पात्रं कॉम्प्युटरवर पुसतात, मागची जागा भरून काढतात आणि मोठी करून छापतात. दोन्हीला बाजारात एकच नाव, लिमिटेड एडिशन बॅकग्राउंड प्रिंट. साधा हिशोब करा, ४के फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद असते, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर जेमतेम १३ इंच होते, तीही फिल्मच्या ग्रेनसकट, म्हणजे तिच्या बारीक दाण्यांसकट. त्यापुढे जे काही मोठं केलेलं असेल ते सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेलं असतं. तेच १२ इंच रुंद मूळ पेंटिंग ६०० डीपीआयने स्कॅन केलं तर ७२०० पिक्सेल मिळतात, म्हणजे २४ इंचापर्यंत आरामात, आणि त्यात ब्रशचा केस न केस दिसतो.

हो, या बॅकग्राउंड्स आकाराने लहानच असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पडद्यावर अख्खी दरी दिसते म्हणून आपल्याला वाटतं मूळ चित्र भिंतीएवढं असेल, पण नेहमीच्या शॉटची बॅकग्राउंड ए४ ते बी४ च्या आसपासच्या कागदावर रंगवलेली असते. कॅमेरा बाजूला सरकत जाणारा शॉट असेल तर कागद लांबलचक पट्टीसारखा. वाइडस्क्रीनसाठी मोठ्या आकारात काम झाल्याची उदाहरणं आहेत, १९५९ ची डिस्नेची स्लीपिंग ब्यूटी टेक्निरामा ७० फॉरमॅटसाठी केली होती, तिच्या बॅकग्राउंड्स नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या आणि तिचा चित्रकार आयविंड अर्लने झाडाच्या सालीवरचे ठिपकेसुद्धा सुटे सुटे काढलेत. पण तो अपवाद. म्हणून तुम्हाला कुणी ४० इंची प्रिंट दाखवली तर खूश व्हायच्या आधी विचारा की मूळ किती इंचाचं आहे. १२ इंचाचं चित्र ४० इंच केलं की चित्रकाराने मनगटाच्या एका झटक्यात मारलेली गवताची पात हाताच्या बोटाएवढी होते आणि सगळं चित्र एकदम ढोबळ वाटायला लागतं, मग लोक म्हणतात स्कॅन खराब आहे, स्कॅन उत्तम असतो, चित्रच तेवढ्या जवळून बघण्यासाठी केलेलं नसतं. माझं मत, मूळ आकारात किंवा फार तर दीडपट, त्यापुढे जाऊ नये. दुकानदाराला मोठी प्रिंट विकायची असते कारण मोठ्या प्रिंटला मोठी किंमत लावता येते, एवढंच.

अजून एक घोळ म्हणजे कन्सेप्ट आर्ट आणि प्रोडक्शन बॅकग्राउंड यांची सरमिसळ. डिस्नेच्या टायरस वाँगने १९४२ च्या बँबीसाठी जंगलाची जी धूसर चित्रं काढली ती सिनेमाचा मूड ठरवण्यासाठी होती, सिनेमात कॅमेऱ्याखाली गेलेल्या बॅकग्राउंड्स दुसऱ्या कलाकारांनी त्या मूडवरून तैलरंगात रंगवल्या. डिस्नेच्याच मेरी ब्लेअरचंही तसंच, तिची गुआशमधली (अपारदर्शक जलरंगातली) चित्रं सिनेमा बनायच्या आधीची. दोन्ही प्रकारच्या प्रिंट छानच दिसतात, पण वर्णनात सिनेमातली मूळ बॅकग्राउंड असं लिहिलं असेल आणि आत कन्सेप्ट स्केच असेल तर विकणाऱ्याला स्वतःलाच माहीत नाहीये तो काय विकतोय, आणि मग त्याच्या बाकीच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

बॅकग्राउंड हे एकट्याने बघायचं चित्र म्हणून रंगवलेलंच नसतं, हे घरी आणायच्या आधी लक्षात घ्या. मधली जागा मुद्दाम शांत ठेवलेली असते, कॉन्ट्रास्ट कमी, तपशील कमी, कारण तिथे पात्र उभं राहणार असतं. कडेला झाडं, दगड, खिडकीची चौकट, सगळं डोळ्याला मधे ढकलणारं, आणि मधे काहीच नाही. नाटकाचा पडदा वर गेलाय आणि पात्रं अजून विंगेत आहेत तसं. काहींना नेमकं हेच आवडतं, मला स्वतःला फार आवडतं, पण काही जण प्रिंट घेतात, महिनाभर भिंतीवर ठेवतात आणि मग म्हणतात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. त्यामुळे प्रिंट निवडताना सिनेमातला तो प्रसंग आठवून निवडू नका, पात्रं डोक्यातून काढून नुसतं चित्र बघा.

थरांचा मुद्दाही इथेच येतो. पडद्यावरचं दृश्य बहुतेक वेळा एका कागदावर नसतं. मागे मुख्य बॅकग्राउंड, पुढे वेगळ्या कागदावर किंवा पारदर्शक सेलवर (प्लॅस्टिकच्या शीटवर) कापून लावलेलं झाड किंवा कुंपण, जपानी स्टुडिओत या पुढच्या थराला बुक म्हणतात. डिस्नेने १९३७ पासून मल्टिप्लेन कॅमेरा वापरला, त्यात तर काचेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर रंगवलेले थर एकमेकांपासून अंतर ठेवून शूट केलेत. म्हणजे अशा शॉटची प्रिंट काढताना कुणीतरी ठरवतं की सगळे थर एकत्र करून पडद्यासारखं दृश्य द्यायचं की फक्त मागचा कागद द्यायचा. १९६१ च्या १०१ डॅल्मेशियन्समध्ये अजून गंमत, तिथे बॅकग्राउंडवर रंगाचे सैल सपाट आकार आहेत आणि घरांच्या, फर्निचरच्या रेषा वेगळ्या सेलवर झेरॉक्सने काढून वर ठेवल्यात, रंगयोजना करणाऱ्या वॉल्ट पेरेगॉयचे ते रंग रेषांशिवाय छापले तर बघणाऱ्याला वाटेल शाई पसरलीय. दोन्ही पद्धती चालतात, फक्त जोडून केलेली प्रिंट असेल तर तसं लिहिलेलं हवं.

आणि मला जी प्रिंट सगळ्यात जास्त आवडते ती अख्ख्या कागदाची. म्हणजे चित्राच्या कडेबाहेरचा सगळा पसारा ठेवलेला, पेगची, म्हणजे कागद जागेवर बसवणाऱ्या खुंट्यांची, भोकं, मधे एक गोल आणि दोन्ही बाजूला दोन लांबट, पेन्सिलने लिहिलेला कट नंबर (शॉटचा क्रमांक), चिकटपट्टीचा पिवळा पडलेला तुकडा, आणि समासात ब्रश टेकवून रंग तपासल्याचे डाग. त्या डागांवरून कळतं की आभाळाचा निळा थेट डबीतून आलेला नाही, तीन-चार वेळा जमवत जमवत तिथे पोचलाय. कापून स्वच्छ केलेल्या प्रिंटमध्ये हे सगळं जातं. शिवाय समास दाखवलेला असेल तर ती सिनेमाच्या फ्रेमवरून नाही, खऱ्या कागदावरून काढलीय याचा तो जवळजवळ पुरावाच असतो.

आता रंग. याबद्दल मला सगळ्यात जास्त तक्रारी ऐकायला मिळतात, की प्रिंटचा रंग सिनेमासारखा नाही. नसणारच. पेंटिंग रंगवलं पोस्टर कलर किंवा गुआशमध्ये, मग ते दिव्याखाली फिल्मवर शूट झालं, फिल्म लॅबमध्ये धुतली, प्रोजेक्टरच्या प्रकाशातून पडद्यावर आली, आणि तुम्ही बघितलेली व्हर्जन बहुतेक पुढे कधीतरी डिस्कसाठी कुणीतरी नव्याने रंग दुरुस्त केलेली. इतक्या हातांतून गेल्यावर हिरवा कुठला हिरवा राहतो? जुन्या सिनेमांच्या दोन वेगवेगळ्या डिस्क शेजारी लावून बघा, एकीत संध्याकाळ केशरी असते आणि दुसरीत गुलाबी. प्रिंट काढणाऱ्याने समोरच्या पेंटिंगशी इमान राखायचं असतं, हे माझं ठाम मत, पण काही स्टुडिओ मुद्दाम सिनेमाच्या रंगाकडे झुकवायला सांगतात कारण लोकांच्या आठवणीत तोच असतो, तेही समजू शकतो.

पेंटिंगशी जुळवणंही वाटतं तेवढं सोपं नाही. गुआश आणि पोस्टर कलर एकदम मॅट असतात, चमक शून्य. काझुओ ओगासारखा कलाकार, टोटोरो या जपानी सिनेमाचा आर्ट डायरेक्टर, निकर कंपनीचे साधे पोस्टर कलर वापरतो, आणि त्या रंगातून ओल्या मातीचा आणि पावसाळी आभाळाचा जो ओलावा येतो तो कागदाच्या मॅटपणावरच उभा आहे. म्हणून अशा प्रिंट मॅट कॉटन कागदावर काढतात. पण मॅट कागदाची अडचण अशी की त्यावर काळा पुरेसा काळा होत नाही, डेन्सिटीच्या, म्हणजे गडदपणाच्या, मोजणीत मॅट कागद साधारण १.६-१.७ पर्यंत जातो आणि चकचकीत बरायटा कागद २.३ च्या वर. दिवसाच्या दृश्यात फरक कळत नाही. रात्रीचं दृश्य आलं की घाम फुटतो. समजा रात्रीचं जंगल आहे, चित्रकाराने मागच्या झाडांना निळसर काळा दिलाय, मधल्या झुडपांना हिरवट काळा, आणि पुढच्या खोडाला तपकिरीकडे झुकणारा काळा. पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढला की तिन्हींचं मिळून एक भोक पडलेलं दिसतं. मग काय करायचं, सावल्यांचा कर्व्ह थोडा वर उचलायचा, पण नुसतं उचललं तर रात्रीची पहाट होते, म्हणून उजेड थोडाच वाढवून रंगांमधला फरक जास्त ताणायचा, निळ्याला जरा अजून निळा, खोडाला जरा अजून उबदार. मूळ चित्राच्या शेजारी ठेवलं तर प्रिंट किंचित फिकट दिसते, पण झाडं वेगळी वेगळी राहतात, आणि भिंतीवर एकटी लटकल्यावर ती रात्रच वाटते. बरायटा कागद घेतला असता तर काळा मिळाला असता पण मॅटपणा गेला असता. दोन्ही मिळत नाही. चांगला प्रिंटर काय सोडायचं ते ठरवतो, वाईट प्रिंटर मूळ फाइल आली तशी मशीनला पाठवतो, आणि ते रात्रीच्या चित्रात लगेच कळतं. म्हणून कुठल्याही विकणाऱ्याचं काम जोखायचं असेल तर त्याच्याकडची रात्रीची प्रिंट मागा.

काही रंग मात्र छापताच येत नाहीत. फ्लोरोसंट गुलाबी, फ्लोरोसंट केशरी, हे पोस्टर कलर जादूच्या प्रकाशासाठी, निऑनसाठी वापरतात. ते रंग अतिनील प्रकाश शोषून दिसणाऱ्या प्रकाशात परत टाकतात म्हणून चमकतात, साधी पिगमेंट शाई (रंगाचे घन कण असलेली) ते करू शकत नाही. त्या जागी प्रिंटमध्ये जरा दबलेला गुलाबी दिसेल, तो प्रिंटरचा दोष धरू नका. फोटो काढतानाही दिवे आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर लावून रंगाच्या थरावरची चकाकी मारावी लागते, नाहीतर सगळ्या गडद भागांवर राखाडी पापुद्रा बसतो.

शाई आणि कागद यावर पटकन. जिक्ले म्हणजे चांगल्या प्रतीची इंकजेट प्रिंट, घाबरून जाण्यासारखं काही नाही. या धंद्याची सुरुवात संगीतकार ग्रॅहॅम नॅशच्या नॅश एडिशन्समधून १९९१ च्या सुमारास, आयरिस ३०४७ नावाच्या मशीनवर झाली, ते मशीन मुळात छपाईचे प्रूफ काढायला बनवलेलं. त्याची सुरुवातीची शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, होती आणि उजेडात फार पटकन उडायची. २००० नंतर पिगमेंट शाईची मशीन आली आणि चित्र पालटलं. म्हणून नव्वदच्या दशकातली जिक्ले कुणी जुनी आणि दुर्मीळ म्हणून विकत असेल तर आधी माउंटखाली झाकलेली कड उघडून बघायला सांगा, झाकलेला भाग आणि उघडा भाग यांच्या रंगात फरक दिसला तर समजा. १०० वर्षं टिकेल वगैरे दावे बहुतेक वेळा विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या प्रिंटचा टिकाऊपणा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांवर आधारलेले असतात, आणि त्या चाचण्या ४५० लक्स उजेड रोज १२ तास असं धरून, काचेखाली किंवा यूव्ही फिल्टरखाली, अशा अटींवर असतात. तुमच्या भिंतीवर दुपारचं थेट ऊन येत असेल तर ते आकडे विसरा.

कागद विचारला तर उत्तरात नाव आणि वजन यायला हवं, उदाहरणार्थ हानेम्युले फोटो रॅग ३०८ जीएसएम (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम). नुसतं म्युझियम क्वालिटी हे उत्तर नाही. कागद जास्तच पांढराशुभ्र असेल तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर असण्याची शक्यता, अंधारात स्वस्तातला यूव्ही टॉर्च मारा, कागद निळसर पेटला तर ब्राइटनर आहे, आणि काही वर्षांत त्याचा असर गेला की कागद पिवळट दिसायला लागतो आणि सगळे फिकट रंग त्याच्याबरोबर सरकतात.

हातात प्रिंट आल्यावर दहापट भिंग घ्या, सराफ वापरतात तसलं. आभाळाचा फिकट भाग बघा. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ठरावीक कोनात ओळीने बसलेत आणि त्यांची बारीक फुलं झालीत, तर ती ऑफसेट छपाई आहे, म्हणजे पोस्टर, मग सर्टिफिकेटवर काहीही लिहिलेलं असो. ठिपके अगदी सूक्ष्म आणि कुठल्याही रचनेशिवाय विखुरलेले असतील तर इंकजेट. ठिपकेच नाहीत, सपाट रंगाचे थर आहेत आणि प्रिंट तिरकी धरली की थराची कड वर आलेली दिसते, तर स्क्रीनप्रिंट. शेवटच्या प्रकाराची गोष्ट वेगळी असते, त्याच आयविंड अर्लने पुढे स्वतःच्या निसर्गचित्रांचे सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीनप्रिंट, केले, एकेका चित्राला ढिगाने स्क्रीन वापरून, ते प्रिंट म्हणूनच घडवलेलं काम आहे, सिनेमाच्या चित्राची नक्कल नाही, त्यामुळे त्याची किंमत आणि तुमच्या जिक्लेची किंमत यांची तुलना करू नका.

आता एडिशन. इंकजेटमध्ये पहिला कागद आणि पाचशेवा कागद सारखाच असतो. जुन्या तांब्याच्या पत्र्यावरून काढायच्या छपाईत पत्रा झिजायचा म्हणून आधीचे नंबर चांगले मानायचे, इथे १२/५०० ला ४१२/५०० पेक्षा जास्त पैसे मागणारा माणूस तुमच्या अज्ञानाचे पैसे मागतोय. आकडा म्हणजे फक्त एक वचन आहे, की यापेक्षा जास्त काढणार नाही. त्या वचनात पळवाटा किती आहेत ते बघायचं. ५०० वर आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे त्या आकड्याबाहेर काढलेल्या प्रती, किती, साधारण १० टक्क्यांपर्यंत चालतात, त्याहून जास्त असतील तर कपाळावर आठ्या पडायला हव्यात. ५०० हा आकडा या एका आकारापुरता आहे का? हीच बॅकग्राउंड दुसऱ्या आकारात, कॅनव्हासवर, किंवा दुसऱ्या देशासाठी वेगळी एडिशन म्हणून येऊ शकते का? येऊ शकते असं लिहिलं असेल तरी चालेल, पण लिहिलेलं हवं. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १९७० च्या दशकापासून कायदाच आहे की विकणाऱ्याने एडिशनचा आकडा, छपाईची पद्धत, सही खरी की छापील, हे लेखी द्यायचं. तुम्ही जिथे आहात तिथे तसा कायदा नसला तरी तोच कागद मागायला काय हरकत आहे, जो प्रामाणिक आहे तो देतो. आणि टाइम्ड एडिशन नावाचा जो प्रकार आलाय, आठवडाभर जितक्या ऑर्डर येतील तितक्या छापायच्या, ती फसवणूक नाही पण तिला लिमिटेड म्हणताना मला तरी थोडं हसू येतं.

सहीचं असं आहे की बॅकग्राउंड चित्रकार स्टुडिओचा नोकर म्हणून काम करत असतो, कॉपीराइट स्टुडिओचा. त्यामुळे बहुतेक अधिकृत प्रिंटवर चित्रकाराची सही नसते, स्टुडिओचा शिक्का किंवा कागदात उठवलेला ठसा असतो, आणि ते पूर्णपणे रीतसर आहे. सही असेल तर चित्राखाली समासात पेन्सिलने हवी, भिंगातून पेन्सिलचं ग्रॅफाइट कागदाच्या धाग्यांवर चमकताना दिसतं, छापील सहीत ठिपके दिसतात. मला मात्र एक गोष्ट खटकते, अनेक प्रिंटवर स्टुडिओचं नाव ठळक आणि ज्याने ते आभाळ रंगवलं त्याचं नाव कुठेच नाही. २००७ मध्ये टोकियोच्या म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये ओगाच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, म्हणजे लोकांना चित्रकाराचं नाव माहीत करून घ्यायचं असतं. दोन सारख्या प्रिंटपैकी जिच्या समासात चित्रकाराचं नाव असेल ती घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

सर्टिफिकेटला फार भाव देऊ नका. तेही प्रिंटरवरच निघतं. प्रिंटच्या मागे आणि सर्टिफिकेटवर एकच सिरियल असलेला होलोग्राम असेल तर बरं, आणि ज्याच्याकडे हक्क आहेत त्या स्टुडिओने परवानगी दिल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसत्या विक्रेत्याने स्वतःच स्वतःला दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे बिल.

भाव वाढण्याबद्दल. मूळ बॅकग्राउंड्सचे भाव वाढलेत, कारण त्या एकेकच आहेत आणि एकेकाळी त्यांना कुणी विचारत नव्हतं. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोची कूर्व्हॉझिए गॅलरी डिस्नेचे सेल विकायची, त्यांच्या मागे बऱ्याचदा विक्रीसाठी वेगळी केलेली बॅकग्राउंड असायची, आणि डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडलं तेव्हा तिथल्या आर्ट कॉर्नरमध्ये सिनेमात वापरलेले सेल अगदी किरकोळ किमतीला मिळायचे. त्या गोष्टी आज महाग आहेत म्हणून ५०० प्रतींची प्रिंटही महाग होईल असा अर्थ लावू नका. नव्वदच्या दशकात हजारोंच्या एडिशनमध्ये सेरिसेल निघाले, पारदर्शक शीटवर स्क्रीनप्रिंट आणि मागे छापील बॅकग्राउंड, तेव्हा गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी आज घेतलेल्या किमतीलाही जात नाहीत. १०० च्या आतली एडिशन, हयात नसलेल्या चित्रकाराची खरी सही, आणि पुन्हा छापणं बंद, अशा प्रिंटला पुढे गिऱ्हाईक मिळू शकतं. तुमची ५०० ची, सही नसलेली, भिंतीसाठी आहे. घ्यायची तर तेवढ्यासाठीच घ्या.

नव्या सिनेमांचं विचाराल तर तिथे बहुतेक वेळा मूळ कागदच नसतो. डिस्नेने १९९० च्या द रेस्क्यूअर्स डाउन अंडरपासून पात्रांचं रंगकाम कॉम्प्युटरवर नेलं तरी बॅकग्राउंड्स कागदावरच रंगवून स्कॅन होत होत्या, पुढे हळूहळू त्याही डिजिटल झाल्या. डिजिटल बॅकग्राउंडची प्रिंट हा त्या चित्राचा पहिला आणि एकमेव कागद, त्यामुळे तिला कमी लेखायचं कारण नाही. फक्त कलाकाराच्या मूळ लेयर फाइलवरून काढलीय की सिनेमाच्या फ्रेमवरून, हा प्रश्न तिथेही तोच.

घरी आल्यावर मॅट पृष्ठभागाला बोट लावू नका, कॉटन कागदावरची पिगमेंट शाई वरवर बसलेली असते, नखाचा हलका ओरखडा गडद भागात पांढरा दिसतो आणि तो जात नाही. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा, चिकटवायची नाही, ड्राय माउंट नाही, मागच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाची खळ, बास. माउंट ॲसिडफ्री कॉटन बोर्डचं, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. यूव्ही काच किंवा ॲक्रिलिक परवडत असेल तर घ्या, पण त्याने ऊन माफ होत नाही. रोल करून आलेली प्रिंट उलटी गुंडाळून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, स्वच्छ कागदात घालून सपाट वजनाखाली काही दिवस ठेवा.

तुमच्या त्या विक्रेत्याला आता एवढंच विचारा: मूळ पेंटिंगवरून स्कॅन आहे का, मूळचा आकार किती इंच, कागदाचं नाव आणि वजन काय, ५०० व्यतिरिक्त प्रूफ किती, आणि समासासकट पूर्ण कागदाचा फोटो मिळेल का. उत्तर हाय रेझोल्यूशन फाइलवरून काढलीय असं आलं तर ती फ्रेमवरून काढलीय असं समजून पुढे चला. पेगची भोकं दिसणारा फोटो आला तर मात्र फार घासाघीस करू नका, अशा प्रिंट फार वेळ दुकानात राहत नाहीत.